गुरुजी बोलवायचे की शपथ घ्यायची?

दोन पुरुष किंवा दोन बाया चारचौघांसमोर एकमेकांचं व्हायचं ठरवतात, तेव्हा हॉल, जेवण, फोटो हे सगळं नंतर येतं. आधी ठरवायचं असतं ते सोहळ्याचं रूप. होम, सप्तपदी, मंगलाष्टकं असा रीतसर विधी करायचा की सत्यशोधकी वळणाने आपल्या शब्दांत शपथ घ्यायची? ठाण्यात आम्ही दोघांनी यावर दोन महिने काढले.

कागदाच्या बाजूने दोन्ही सारखेच. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा लग्नाला कायदेशीर मान्यता दिली नाही. त्यामुळे होम केला म्हणून नोंदणी होत नाही, आणि नाही केला म्हणून काही हुकत नाही. निवड फक्त मनाची उरते.

विधीचं बळ मी वाशीला पाहिलं. ओळखीतल्या दोन मुलींचं लग्न होतं. अक्षता पडायला लागल्या आणि एकीची आजी डोळे पुसायला लागली. तिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. सनई, तुपाचा वास, मुंडावळ्या एवढ्यावरून तिला कळलं की नातीचं लग्न लागतंय. हे शपथेला जमत नाही.

आम्हीही आधी गुरुजींकडेच गेलो. नौपाड्यातले, आईच्या माहितीतले. त्यांनी लगेच होकार दिला. मग यादी करायला बसलो. कन्यादान आलं तसं त्यांनी विचारलं, "मुलीकडचे कोण?" लाजाहोमाला वधूच्या ओंजळीत लाह्या घालायला तिचा भाऊ लागतो, तेव्हा पुन्हा तेच. बोहल्यावर आणायला मामा, कान पिळायला मेव्हणा. दर खेपेला ते अगदी हळू आवाजात विचारत होते आणि आम्ही एकमेकांकडे बघत होतो. शेवटी माझा जोडीदार म्हणाला, "माझं नाव लिहा गुरुजी, त्यात काय एवढं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. शाळेत दहा वर्षं त्याला 'बायल्या' म्हणून चिडवलं होतं. आता स्वतःच्या लग्नात, केवळ यादीत जागा रिकामी राहते म्हणून, त्याने वधू व्हायचं? वधू होण्यात कमीपणा नाही. पण तो वधू नाही, मीही नाही. गुरुजींचा यात काही दोष नव्हता, विधीची बांधणीच देणारा आणि घेणारा अशी आहे. माझं मन तिथेच फिरलं.

तरी सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. वाशीच्या गुरुजींनी कन्यादान गाळलं आणि दोघींच्या आयांना एकत्र संकल्प सोडायला लावला. असे गुरुजी भेटले तर माझा निम्मा आक्षेप गळून पडतो.

शपथेची वाट आपल्याकडे जुनीच आहे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजींशिवाय लग्नं लागू लागली. जोतीरावांनी लिहिलेल्या मंगलाष्टकांत वधू मागणी करते आणि वर वचन देतो. म्हणजे वधू-वर तिथेही आहेतच. पण मराठीत, समोरासमोर दिलेलं वचन असल्यामुळे ते आपल्यापुरतं बदलून घेता येतं. आम्ही तेच केलं. आमचं लिहून व्हायला तीन आठवडे लागले. त्याच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, घराचा हप्ता, दोघांपैकी एक आधी गेला तर दुसऱ्याने कुठे राहायचं, हे सगळं त्यात आलं.

अडचण एकच आली. वर्तकनगरच्या आमच्या गच्चीवर चाळीसेक माणसं, आणि वीस मिनिटांत सगळं आटोपलं. काका विचारायला लागले, "लग्न लागलं कधी?" ती रुखरुख मला अजून आहे. तशी ती थोडी कमी झाली अंतरपाटामुळे, कारण तो आम्ही ठेवला होता. आईचा जुना शालू माझ्या ताईने आणि त्याच्या भावाने धरला. तो बाजूला झाला तेव्हा पलीकडे तो उभा होता, मुंडावळ्या बांधून, माझ्यासारखाच.

त्याच संध्याकाळी ताईने आणि त्याच्या भावाने आमच्या मृत्युपत्रांवर साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडता येतं आणि एकमेकांना नामनिर्देशित करता येतं, हे अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलं आहे. तेही आम्ही त्याच आठवड्यात उरकलं. सोहळा कोणताही करा, ही दोन कामं मागे ठेवू नका.

घरात आजी असेल, तिला सनई ऐकायची असेल, तर गुरुजींना जरूर भेटा. फक्त यादी करायला दोघंही बसा, आणि "मुलीकडचे कोण" हा प्रश्न आला की कागदाकडे न बघता जोडीदाराच्या चेहऱ्याकडे बघा.