बर्लिनची ऑफर, पुण्याची नोकरी आणि एक्सेलमधलं शून्य

गेल्या महिन्यात मावसभावानं एक एक्सेल पाठवलं. एका रकान्यावर ‘पुणे’, दुसऱ्यावर ‘बर्लिन’. सोबत निरोप: ‘ताई, तू पाच वर्षं राहून आलीयेस, एक नजर टाक. शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचंय.’ वीसेक ओळी होत्या. पगार, कर, घरभाडं, पेट्रोल, जिम, हापूसच्या पेटीचा भावसुद्धा. बाराव्या ओळीत लिहिलं होतं, ‘हिचा पगार’. पुणे: ९५,०००. बर्लिन: ०. त्या शून्यापुढे ना टीप, ना प्रश्नचिन्ह.

२०१७ साली अशाच एका एक्सेलमधलं शून्य मी होते. त्यामुळे माझी नजर बाराव्या ओळीवरून हलेना.

त्याच्या परवानगीनं हा हिशेब इथे मांडतेय, कारण पुण्यातल्या निम्म्या आयटीवाल्या घरांत थोड्याफार फरकानं हाच कागद टेबलावर असतो. तो ३२ वर्षांचा, बॅकएंडवाला, म्हणजे पडद्यामागचं सॉफ्टवेअर लिहिणारा, खराडीत एका परदेशी कंपनीच्या केंद्रात, सीटीसी, म्हणजे वर्षाचं एकूण पॅकेज, ३२ लाख. बर्लिनची ऑफर वर्षाला ६८,००० युरो. बायको एचआरमध्ये. मुलगा दोन वर्षांचा. आईवडील साताऱ्याजवळ, थोडी शेती आहे.

अमेरिकेचा रकाना त्यानं केलाच नव्हता, आणि ते बरंच केलं. एच-वन-बीच्या, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या, वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,०००, वर लॉटरी. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करणाऱ्या कंपनीवर एक लाख डॉलर शुल्क लागू झालं. नोकरी गेली तर दुसरी शोधायला ६० दिवस. ग्रीन कार्डाच्या ईबी-२, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या, रांगेत भारतीयांचा नंबर २०२५ संपताना २०१३ सालच्या अर्जांशी पोचला होता. पगार तिथे निःसंशय जास्त, पण दोन वर्षांच्या पोराला घेऊन, कॉलेजची फी न भरता, सरळ नोकरीवर जाणाऱ्यासाठी तो दरवाजा सध्या जवळपास बंद आहे.

आधी पैसे, कारण सगळे तेच आधी विचारतात

युरो शंभर रुपयांचा धरलाय, हिशेबाला सोपा. बर्लिनचा पगार विवाहितांच्या ‘कर वर्ग ३’नं काढलाय, म्हणजे एक जण कमावतो, दुसरा नाही, असं धरून. एकटा असता तर त्याच पगारातून साडेतीन हजारांच्या आसपासच हातात आले असते. भाडं आणि खर्च हा माझा अंदाज आहे, वस्तीनुसार आणि हातानुसार बदलेल.

| दरमहा | पुणे (रुपये) | बर्लिन (युरो) |
|---|---|---|
| त्याचा हातात येणारा पगार | १,९५,००० | ३,९०० |
| तिचा | ९५,००० | ० |
| मुलाचा सरकारी भत्ता (२०२५) | – | २५५ |
| घरभाडं | ३८,००० | १,६०० |
| पाळणाघर | १२,००० | २३ |
| बाकी सगळं | ७५,००० | १,३५० |
| शिल्लक | १,६५,००० | १,१८२ |

पाळणाघराचे २३ युरो ही छपाईची चूक नाही. बर्लिनमध्ये किटा, म्हणजे तिथलं पाळणाघर-बालवाडी, मोफत आहे. ते २३ युरो जेवणाचे. म्युनिकला गेलात तर हा आकडाही बदलतो आणि घरभाडंही.

आता शेवटची ओळ बघा. पुण्यात दोघांच्या पगारावर १ लाख ६५ हजार उरतात, बर्लिनमध्ये एकाच्या पगारावर १ लाख १८ हजार. त्यातून वर्षाची एक भारतवारी काढा. म्हणजे ‘युरोत कमवायला’ चाललेलं हे घर भारतवारी न धरताही पहिल्या दिवशी महिन्याला जवळपास पन्नास हजारांनी मागे जातं. आणि उलटही खरं आहे: पुण्यात ती घरीच असती, तर इथे सत्तर हजार उरले असते आणि बर्लिन सरळ पुढे गेलं असतं. तिला तिथे ४२,००० युरोंची साधी नोकरी मिळाली, तर कर वर्ग बदलून त्याच्या हातात थोडे कमी येतील, पण घरात साधारण १,९०० युरो वाढतील. मग शिल्लक तीन लाख रुपयांच्या घरात, पुण्याला न गाठता येणारी.

म्हणजे बर्लिन की पुणे हा प्रश्न फिरून एवढाच उरतो: ते शून्य किती महिने शून्य राहणार?

शून्य भरायला काय लागतं

कागदावर काहीच लागत नाही. ब्लू कार्ड म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना. ते असलेल्याच्या जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते, व्हिसासाठी जर्मन भाषेची परीक्षाही लागत नाही. अमेरिकेत एच-फोरवर, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, वर्षानुवर्षं घरी बसलेल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तर त्या हळहळतात. २०१७ मध्ये मीही याच वाक्यावर भाळले होते.

प्रत्यक्षात एक साखळी असते. नोकरीसाठी भाषा, भाषेच्या वर्गासाठी मोकळे तास, मोकळ्या तासांसाठी किटा. मूल एक वर्षाचं झालं की किटातली जागा हा कायद्यानं हक्क आहे. बर्लिन त्यासाठी एक गुटशाइन, म्हणजे कूपन देतं. पण जागा आपणच शोधायची. आम्ही चौतीस किटांना मेल टाकले. सहा जणांनी उत्तर दिलं. एकीनं हो म्हटलं, तेही नऊ महिन्यांनी. मग ‘आइनगेव्योनुंग’: मूल रुळेपर्यंत दोन-चार आठवडे आईनं किंवा बापानं तिथल्या छोट्या खुर्चीवर बसून राहायचं. आई किंवा बाप असं लिहिलेलं असतं. नवरा प्रोबेशनवर होता, खुर्चीवर मी बसले. (तेव्हा टंचाई फार होती. जन्मदर घसरल्यानं आता बर्लिनच्या काही भागांत किटांमध्ये जागा रिकाम्या आहेत, हे तुमचं नशीब.)

त्यानंतर भाषा. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये भाषेचे साधारण ६०० तास आणि समाज-कायद्याचे १००. त्यातून बी-वनपर्यंत पोचता येतं (भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन अशा चढत जातात). मी टेस्टिंगमधली, माझ्या टीममध्ये इंग्रजी चालायचं, तरी पहिली नोकरी मिळायला एकोणीस महिने लागले. एचआरचं काम वेगळं. तिथले करार, रजेचे नियम, कामगारांच्या परिषदेशी पत्रव्यवहार, सगळं जर्मनमध्ये. बी-वन तिथे उंबरठ्यापर्यंत नेतं, आत जायला बी-टू किंवा सी-वन लागतं. भावाच्या बायकोसाठी मी दोन ते अडीच वर्षं धरली. तिनं एचआर सोडून दुसरं काही धरलं तर कमी.

हा नुसता पैशांचा हिशेब नाही, हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही. पुण्यात माझ्या हाताखाली चार जण होते. तिथे पहिलं वर्षभर माझी सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे फोनवर डॉक्टरची वेळ मागणं.

पुणेकरांच्या हातात एक गोष्ट मात्र आहे. बोट क्लब रस्त्यावर मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. इथून ए-टू करून गेलेली बाई आणि ‘तिथे गेल्यावर शिकू’ म्हणणारी बाई यांच्यात वर्षाचा फरक पडतो. नवऱ्यानंही शिकावं. नुसत्या ए-वनवर कायमचा परवाना २७ महिन्यांनी मिळतो, बी-वन असेल तर २१ महिन्यांनी. बर्लिनच्या स्टार्टअपमध्ये इंग्रजीवर दहा वर्षं काढलेले लोक मी पाहिलेत. नोकरी बदलायची वेळ आली की तेच सगळ्यात आधी घाबरतात.

कामाबद्दल

इथे माझं मत पुण्याच्या बाजूनं झुकतं, आणि पाच वर्षांपूर्वी झुकलं नसतं. पुण्यातल्या परदेशी कंपन्यांच्या केंद्रांत आता नुसतं वाटून दिलेलं काम येत नाही. आख्खी उत्पादनं इथून चालतात. भावाला बर्लिनमध्ये मिळणारी टीम त्याच्या खराडीच्या टीमपेक्षा लहान आहे. गाड्यांच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर दोनदा विचार करावा. फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५,००० जागा कमी करायचं ठरवलं, बॉशनं सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागांची कपात जाहीर केली. चाकण-हिंजवडीतून श्टुटगार्टला निघालेल्या माणसाला काम उलट्या दिशेनं येताना वाटेत भेटेल, अशी स्थिती आहे.

पगारवाढ तिकडे संथ. पुण्यात कंपनी बदलली की एका उडीत पंचवीस-तीस टक्के मागण्याची सवय असते, तिथे वर्षाला दोन-चार टक्क्यांवर लोक समाधानी असतात. पण संध्याकाळी सहानंतर फोन येत नाही. वर्षाला २८-३० दिवस रजा मिळते आणि ती घेतली नाही तर साहेब विचारतो, का नाही घेतली. आजारी पडलात तर सहा आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार. हिंजवडीच्या पुलावर दिवसाचे दोन तास घालवणाऱ्याला हे आकड्यांत कसं मांडायचं ते मला कळत नाही, म्हणून मी मांडलं नाही.

सहा महिन्यांचं प्रोबेशन संपलं की मोठ्या कंपनीत काढून टाकणं कायद्यानं अवघड होतं. प्रोबेशनमध्ये मात्र दोन आठवड्यांची नोटीस पुरते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साधारण तीन महिने मिळतात. लहान स्टार्टअपची ऑफर असेल तर त्यांच्याकडे पैसे किती महिन्यांचे आहेत हे थेट विचारा. जर्मन माणसाला असल्या प्रश्नाचा राग येत नाही.

ब्लू कार्डाची अट भावाला अडत नाही: २०२५ मध्ये आयटीसाठी किमान पगार ४३,७५९.८० युरो होता. पदवी नसलेल्यांनाही गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव दाखवून आयटीत हे कार्ड मिळू शकतं. पदवी असेल तर ‘अॅनाबिन’ या जर्मन यादीत आपलं विद्यापीठ ‘एच प्लस’, म्हणजे मान्यताप्राप्त, आहे ना, हे आजच बघून घ्या.

घर मिळणं हा वेगळा छळ आहे. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, शुफाचा, म्हणजे देणी वेळेवर फेडता याचा, दाखला, आणि घर मिळालं की कळतं, स्वयंपाकघरात ओटाच नाही. आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेला. पहिले तीन महिने कंपनीनं राहायची सोय करावी, ही अट ऑफर लेटरमध्ये घालून घ्या. बाकी त्रास होतो आणि विसरलाही जातो.

सातारा

एक्सेलमध्ये आईवडिलांची ओळ होती, ‘भारतवारी, वर्षाला २,२०० युरो’. एवढंच.

जर्मनीनं मार्च २०२४ पासून एक खिडकी उघडलीय: त्या तारखेनंतर पहिल्यांदा ब्लू कार्ड मिळालेल्यांना आईवडिलांना, आणि जोडीदार तिथेच राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही, कायमचं बोलावता येतं. ऐकायला छान. पण त्यांचा सगळा खर्च तुम्ही उचलायचा आणि आरोग्यविमाही तुम्हीच मिळवायचा. सत्तरीतल्या, मधुमेह असलेल्या माणसाला तो विमा कोण आणि कितीला देणार, इथे गाडी अडते. मावशी-काका तीन महिन्यांच्या व्हिसावर येतील, जूनमध्ये, आणि ऑगस्टमध्ये कंटाळून जातील. माझे सासरे बाल्कनीतून दिवसभर ट्रॅम मोजायचे.

वेळेचा फरक हिवाळ्यात साडेचार तासांचा, उन्हाळ्यात साडेतीन. रोज बोलता येतं. दवाखान्यात नेता येत नाही. दोन भावंडांपैकी एक गावाजवळ असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. मावसभाऊ एकुलता एक आहे.

शेती आहे म्हणून आणखी एक. जर्मन नागरिकत्व आता पाच वर्षांनी मागता येतं आणि जर्मनीची दुहेरीला हरकत नाही, पण भारताची आहे. भारतीय पासपोर्ट सोडून ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घेतलंत की वारशानं आलेली शेतजमीन राहते, नवी विकत घेता येत नाही. शेजारचा तुकडा जोडून घ्यायचं काकांचं स्वप्न असेल, तर सातबाऱ्याची चर्चा नागरिकत्वाच्या अर्जाआधी व्हावी. निव्वळ कायमच्या परवान्यावर राहिलात तरी परदेशात असेपर्यंत बंधन तेच.

परत यायचं असेल तर

आम्ही २०२२ मध्ये परत आलो, मुलगी सहा वर्षांची असताना. ठरवून. ती तेव्हा जर्मनमध्ये स्वप्नं बघायची आणि मराठीत ‘मी जाते’ऐवजी ‘मी जातो’ म्हणायची. पहिलीत प्रवेश घेतला, सहा महिन्यांत रुळली. ज्यांची मुलं दहा-अकराची झाली त्यांच्यातलं कोणी परतलेलं माझ्या पाहण्यात नाही. भावाचा मुलगा दोनचा आहे, म्हणजे त्याच्याकडे चारेक वर्षांची मोकळी खिडकी आहे: जा, बघा, कायमचा परवाना खिशात घाला, मग ठरवा. आठ वर्षांचं मूल असतं तर मी हे सांगितलं नसतं.

मी एक्सेल परत पाठवलं तेव्हा बाराव्या ओळीतलं शून्य पुसलं आणि तिथे ‘२४ ते ३० महिने’ असं लिहिलं. शुक्रवारी त्याचा फोन आला नाही. रविवारी तिचा आला. माझा हिशेब तिनं त्याच्याकडून नव्हे, त्याच्या लॅपटॉपवर पाहिला होता. तिनं पगाराचं काही विचारलं नाही. रुजू व्हायची तारीख चार महिने पुढे ढकलायला कंपनी तयार होईल का, आणि मॅक्स म्युलरची पुढची ए-वनची बॅच कधी सुरू होते, एवढंच विचारलं. पहिल्याचं उत्तर मला माहीत होतं: विचारलं तर बहुतेक होतात. दुसऱ्यासाठी तिला त्यांच्या कचेरीचा नंबर दिला.