पोट साफ करणाऱ्या चूर्णांच्या गर्दीत साधे इसबगोल

पोटाच्या तक्रारींवर वनौषधींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या उत्पादनांत साध्या, बिनसाखरेच्या इसबगोलाइतका भक्कम वैज्ञानिक आधार क्वचितच एखाद्याला असेल. तरीही चकचकीत डब्यांतल्या मिश्र चूर्णांपुढे ते बिचारे मागेच पडते. नियमित वापरानंतर माझे मत त्याच्या बाजूने झाले आहे, मात्र ते बद्धकोष्ठतेसाठी आणि अधूनमधून बिघडणाऱ्या पोटासाठी घ्यावे. छातीतल्या जळजळीसाठी किंवा मळमळीसाठी घेऊन काही साधणार नाही.

इसबगोल म्हणजे प्लँटॅगो ओव्हाटा या वनस्पतीच्या बियांवरची साल. चमचाभर साल पेलाभर पाण्यात ढवळली की आधी ती तरंगते, मग पाणी गढुळते आणि काही मिनिटांतच चमचा बुळबुळीत लगद्यात जड चालू लागतो. आतड्यातही हेच घडते. मोठ्या आतड्यातले जिवाणू सालीतले हे न पचणारे तंतू फारसे आंबवत नाहीत, त्यामुळे त्यांनी धरून ठेवलेले पाणी शेवटपर्यंत टिकते. खडा झालेला मळ मऊ होतो आणि पातळ मळाला घट्टपणा येतो. एकच पदार्थ दोन्ही टोकांच्या तक्रारींवर कसा चालतो, याचे उत्तर एवढेच आहे.

नेदरलँड्समध्ये इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या, म्हणजे वारंवार पोटदुखी आणि सोबत बद्धकोष्ठता किंवा जुलाब होण्याच्या विकाराच्या, 275 रुग्णांवर झालेली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मला विशेष बोलकी वाटते. त्यात 12 आठवडे एका गटाला इसबगोल, दुसऱ्याला कोंडा आणि तिसऱ्याला परिणामशून्य म्हणून तांदळाचे पीठ दिले गेले. इसबगोलाच्या गटाला आराम पडला, तर कोंडा घेणाऱ्यांपैकी अनेकांनी त्रास वाढल्यामुळे चाचणी अर्धवट सोडली. म्हणजे ‘तंतू खा’ हा सरसकट सल्ला अपुरा आहे.

मिश्र चूर्णांचे गणित वेगळे असते. त्यांतल्या अनेकांचा जोर सोनामुखीवर असतो, जी आतड्याला चाळवून साधारण 6 ते 12 तासांत पोट साफ करते. गुण लगेच दिसतो म्हणून लोक खूश होतात आणि मग महिनोन्‌महिने घेत राहतात, हे मला पटत नाही. ओव्याच्या बाजूने मोठ्या चाचण्यांचे बळ नाही. पुदिन्याच्या तेलाच्या, आतड्यात जाऊनच विरघळणाऱ्या कॅप्सूलना मात्र पोटातल्या मुरड्यासाठी बऱ्यापैकी पुरावा आहे, कारण त्यातले मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करते. तेच तेल जठरात सुटले तर जळजळ वाढवू शकते.

इसबगोलाचे दोष लपवण्यासारखे नाहीत. चव नाही, पोत गिळगिळीत आहे, गुण यायला 12 ते 72 तास लागतात आणि सुरुवातीला पोट गच्च वाटू शकते, म्हणून मात्रा हळूहळू वाढवावी. किमान 240 मिलिलिटर पाण्यासोबत, घट्ट होण्याआधी ते पिऊन टाकावे. कोरडे किंवा थोड्या पाण्यात घेतल्यास ते घशात वा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळताना त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळा असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. इतर औषधांपासून दोन तासांचे अंतर ठेवावे. स्वादाच्या पाकिटांत साखर किती आहे, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेले असते. ते वाचूनच पाकीट घ्यावे.