लिरियन म्युझिक सर्व्हर आणि पायकोरप्लेअर: नागपूरच्या घरात कितपत टिकतं?

दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि माडीवर एकच गाणं एकाच वेळी वाजायला हवं, पण त्यासाठी कुठल्याही कंपनीच्या खात्यात लॉगिन करायचं नाही, अशी अट असेल तर सध्या ही जोडी सगळ्यात भरवशाची. घरातली गाणी खोल्यांना पाठवणाऱ्या सर्व्हरला लिरियन, आणि खोलीखोलीत रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं ‘पाय’) ती गाणी वाजवणारा पायकोरप्लेअर. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स.

लिरियन म्हणजे पूर्वीचा लॉजिटेक मीडिया सर्व्हर. लॉजिटेकने २००६ मध्ये स्क्वीझबॉक्स हे नेटवर्कवरून गाणी वाजवणारे प्लेअर बनवणारी स्लिम डिव्हायसेस कंपनी विकत घेतली, २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स गुंडाळले आणि २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सेवाही बंद केली. जुने स्क्वीझबॉक्स आजही वाजतात, कारण सर्व्हर घरातच असतो आणि त्याचा प्रोटोकॉल सगळ्यांना माहीत आहे. स्मार्ट स्पीकरवाल्यांनी हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडे पायकोरप्लेअरचा खरा फायदा दिसतो तो लाइट गेल्यावर. ही टायनी कोअर लिनक्सवर बेतलेली प्रणाली सुरू झाली की पूर्णपणे रॅममध्ये चालते, मेमरी कार्डावर सतत लिहीत बसत नाही. त्यामुळे मे महिन्यात दिवसातून चार वेळा लाइट गेली तरी कार्ड खराब होत नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे केलेले बदल बॅकअप घेतल्याशिवाय टिकत नाहीत. वेब पानावरून सेटिंग सेव्ह केली तर तो बहुतेक वेळा आपोआप होतो, पण कमांड लाइनवरून काही बदललं तर शेवटी ‘पीसीपी बीयू’ (pcp bu) ही बॅकअपची कमांड द्यावीच लागते. सर्व्हरला मात्र हे कवच नाही. त्याचा डेटाबेस कार्डावर किंवा डिस्कवर सतत लिहिला जातो, म्हणून सर्व्हर आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या. खोल्यांमधले प्लेअर बंद पडले तरी चालतं.

सर्व्हरही पायवरच चढवायचा असेल तर आधी कार्डाचं दुसरं पार्टिशन मोठं करा. मुळात ते अगदी छोटं असतं आणि जागा नाही म्हणून इन्स्टॉलेशन अडकतं. गाण्यांची डिस्क एनटीएफएस असेल तर त्या फाइल सिस्टिमचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं. अडीच इंची हार्ड डिस्क थेट पायच्या यूएसबीला लावू नका, व्होल्टेज पडतं आणि डिस्क मध्येच गायब होते. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्या.

प्लेअरसाठी पाय झीरो २ डब्ल्यू पुरेसा आहे, पण त्याला ऑडिओ जॅक नाही. काही शे रुपयांतला पीसीएम ५१०२ चा जांभळा बोर्ड, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारा डॅक, जोडायचा. बोर्डावरची बीसीके पायच्या पिन १२ ला, एलसीके ३५ ला, डीआयएन ४० ला, व्हीआयएन २ ला, ग्राउंड ६ ला. आणि एससीके ग्राउंडला जोडायची, मोकळी ठेवायची नाही. तरीही आवाज नसेल तर बोर्ड उलटा करून डागाचे चार जोड पाहा. तिसरा, म्हणजे एक्सएसएमटी, ‘एच’ बाजूला आणि बाकीचे तीन ‘एल’ बाजूला हवेत. तिसरा ‘एल’ला असला तर बोर्ड म्यूट राहतो, आणि माणूस उगाच सॉफ्टवेअर धुंडाळत बसतो. सेटिंगमध्ये साधा हायफायबेरी डॅक निवडा. ‘डॅक प्लस प्रो’सारखा पर्याय आयटूसी या वायरींवरून पायशी बोलणारी वेगळी चिप शोधतो, ती इथे नसतेच.

अॅडॉप्टर ५ व्होल्ट, २.५ अॅम्पियरचा हवा. बर्डीवर मिळणारे स्वस्त मोबाइल चार्जर लोडवर दमतात. पाय प्लास्टिकच्या बंद डब्यात घालून खिडकीच्या कठड्यावर ठेवू नका. ८० अंशांच्या पुढे प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्या उन्हाळ्यात डबा आधीच तापलेला असतो. कूलरचा पंप सुरू होताना स्पीकरमध्ये टक् होत असेल किंवा सतत घूं ऐकू येत असेल तर आधी घराचं अर्थिंग तपासा, मग अॅम्प्लिफायर आणि पाय एकाच स्विचबोर्डवर आणा.

नेटवर्कमध्ये लोक जिथे फसतात ते असं. लिरियन प्रत्येक प्लेअरला वेगळा प्रवाह पाठवतो. सीडीच्या दर्जाचा एक प्रवाह कॉम्प्रेस न करता सेकंदाला १४११ किलोबिटचा असतो, म्हणजे चार खोल्यांना त्याच्या चौपट. सर्व्हरही वायफायवर असेल तर तेच पॅकेट हवेतून दोनदा जातं, आणि झीरो २ डब्ल्यू फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. सर्व्हरला केबल लावा, निम्मी तक्रार तिथेच संपते. फायबरवाल्याचा राउटर आणि त्यामागे स्वतःचा राउटर असेल तर दोन वेगळी नेटवर्क तयार होतात आणि प्लेअरला सर्व्हर दिसत नाही. दुसरा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून चालवा. फायरवॉलमध्ये ९००० आणि ३४८३ हे पोर्ट उघडे लागतात; ३४८३ टीसीपी आणि यूडीपी दोन्हींवर.

टीव्हीतलं डीएलएनए, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवण्याची सोय, वापरून पाहणाऱ्यांना फरक लगेच कळेल. तिथे पुढच्या गाण्याची आगाऊ सूचना देण्याची सोय ऐच्छिक आहे, त्यामुळे विलंबित आणि द्रुत यांच्यामध्ये खट्कन खंड पडतो. इथे फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेल्या) फाइल्स सलग वाजतात. खोल्या एकत्र केल्यावर एखादी मागे पडली तर प्लेअरच्या सिंक्रोनायझेशन सेटिंगमध्ये मिलिसेकंदांत ऑडिओ डिले देता येतो. ब्लूटूथ स्पीकर मात्र या ओळीत बसवू नका.

मूळ वेब पान दिसायला जुनाट आहे, पहिल्याच दिवशी मटेरियल स्किन हे नवं रूप टाका. देवनागरी टॅग (फाइलमध्ये भरलेली गायक-अल्बमची नावं) नीट दिसतात, पण ‘पं. भीमसेन जोशी’, ‘भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतलं नाव हे सर्व्हरला तीन गायक वाटतात. पिकार्ड या टॅग दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रामने आधी टॅग एकसारखे करा, नाट्यसंगीताच्या संग्रहांना अल्बम आर्टिस्ट भरा, मगच पूर्ण स्कॅन. आकाशवाणीचे ऑनलाइन प्रवाह ऐकायचे तर प्लेएचएलएस हा प्लगिन लागतो. स्पॉटिफायसाठी स्पॉटी आहे, पण त्याला प्रीमियम खातं हवं, आणि कंपनीने दार बंद केलं की तो प्लगिन थांबणार, हे धरूनच चाला.