बिदरच्या आकाशातली सूर्यकिरण आणि माझी ८ बाय ४२ दुर्बीण

जेट विमानांच्या कसरती बघायला दुर्बीण घ्यायची असेल तर ८ बाय ४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढची काच ४२ मिलिमीटर व्यासाची. १० बाय ५० नको, आणि वीसपट-तीसपट झूमवाल्यांच्या तर नादीच लागू नका. बिदरच्या किल्ल्यावर दोन्ही दुर्बिणी आलटून पालटून डोळ्यांना लावत हवाई दलाच्या सूर्यकिरण तुकडीचा सराव बघितला, त्यानंतरचं हे मत आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण या मापाची कुठलीही बऱ्यापैकी दुर्बीण चालेल. माझी आठ हजारांच्या आसपास पडली.

आम्ही लातूरकडचे. हिवाळ्यात दोन दिवस मोकळे मिळाले की मी उदगीर-भालकी मार्गे रेल्वेने बिदर गाठते आणि भाची हैदराबादहून येते. गाव उंचावर आहे, डिसेंबर-जानेवारीत सकाळी स्वेटर लागतोच. भारतीय हवाई दलाची सूर्यकिरण ही कसरतींची तुकडी, म्हणजे ५२ स्क्वाड्रन, १९९६ मध्ये इथेच सुरू झाली. तेव्हा त्यांच्याकडे किरण मार्क २ विमानं होती. २०११ मध्ये तुकडी थांबली आणि नंतर हॉक मार्क १३२ या विमानांवर पुन्हा उभी राहिली. लाल-पांढऱ्या रंगाची नऊ विमानं. हवाई दलाच्या कार्यक्रमांत तिरंगी धूर सोडताना टीव्हीवर दिसतात ती हीच. त्यांचं घर बिदर असल्यामुळे शो नसलेल्या दिवसांत सरावही इथल्याच आकाशात होतो, आणि मला खरं तर शोपेक्षा सराव जास्त आवडतो.

शोमध्ये आपण विमानं बघतो. सरावात विमानांमधली जागा बघायची असते. हॉकचा पंखविस्तार जेमतेम दहा मीटर, आणि शेजारच्या विमानाच्या पंखाचं टोक पाच मीटरच्या आसपास. नऊजण एकत्र वर चढून उलटे होतात तेव्हा कडेचं एखादं विमान किंचित मागे पडतं, मग सावकाश सरकत आपल्या जागी येतं. पुढच्या फेरीत तेच वळण पुन्हा. या वेळी ते मागे पडत नाही. हे दिसायला नऊच्या नऊ विमानं एकाच वेळी नजरेत राहायला हवीत. १० बाय ५० मधून मला चार-पाच विमानं छान मोठी दिसली, पण कोण कोणाच्या मानाने हललं ते कळेना. शिवाय वळणावर ती चौकटीबाहेर गेली की परत सापडेपर्यंत कसरत संपलेली. ८ बाय ४२ मध्ये हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचं दृश्य मावतं आणि विमानं लांब असली की ती रुंदी त्याच प्रमाणात वाढते. अख्खी रचना आत बसते, वर बाजूला थोडं आकाशही उरतं. ते उरलेलं आकाश फार महत्त्वाचं, कारण विमान पुढे तिथेच जाणार असतं.

दुकानदार सांगेल की पन्नासच्या काचेत उजेड जास्त येतो. येतो, पण तो रात्री उपयोगाचा. भर सकाळी आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते. बेचाळीसला आठाने भागलं तर दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारं सव्वापाच मिलिमीटरचं प्रकाशवर्तुळ मिळतं, म्हणजे डोळ्यात मावतो त्याहून जास्तच उजेड. मोठ्या काचेचं जादा वजन हातांनी फुकट उचलायचं. मान वर करून अर्धा तास उभं राहिलं की तो फरक खांद्यांत कळतो आणि दहापटीला हातांची थरथरही जास्त दिसते.

चष्मा असेल तर एक गोष्ट दुकानातच तपासा. डोळा काचेपासून किती लांब ठेवून पूर्ण वर्तुळ दिसतं ते बघा. पंधरा मिलिमीटरच्या खाली असेल तर चष्म्यातून कडा कापल्या जातात. माझ्या दुर्बिणीचे रबरी कप पिळून आत बसतात, त्यामुळे चष्मा काढावा लागत नाही. दोष दोन. पांढऱ्या पंखाच्या कडेला उजळ आकाशासमोर जांभळट रेघ दिसते. आणि सोबत आलेला पट्टा मानेला काचतो, तो मी बदलून छातीवरचा घेतला. फोकस लांबच्या एखाद्या मनोऱ्यावर एकदा लावला की चाकाला हात लावायचा नाही.

आता जागेबद्दल. किल्ल्याच्या तटावरून पश्चिमेकडे बघायचं. सकाळचा सूर्य पाठीशी राहतो, लाल रंग खुलून दिसतो. दुपारनंतर सूर्य समोर येतो, तेव्हा दुर्बीण पिशवीत ठेवा. सूर्यावर चुकूनही फिरली तर डोळा जाऊ शकतो, मुलं सोबत असतील तर हे आधी सांगून ठेवा. विमानतळाच्या कुंपणाजवळ जाऊ नका. तो संरक्षण दलाचा भाग आहे, तिथे दुर्बीण आणि कॅमेरा काढायचाच नाही. बघायचं ते आकाश.

आवाजाच्या मागे नजर फिरवू नका. तीन किलोमीटरवरच्या विमानाचा आवाज जवळजवळ नऊ सेकंदांनी पोहोचतो. भाची पहिल्यांदा आवाजाकडे दुर्बीण वळवत राहिली आणि तिला निळ्या आकाशाखेरीज काही दिसेना. मग म्हणाली, "मावशी, तू बघतेस तिकडे तर काहीच आवाज नाही." तिचा खांदा धरून वळवला, तेव्हा तिला दोन विमानं समोरासमोरून येताना सापडली. या समोरासमोरच्या कसरतीला मात्र दुर्बीण खाली घ्या. दोन बाजूंनी येणारी विमानं कुठल्याच दुर्बिणीत मावत नाहीत, ती उघड्या डोळ्यांनीच बघायची.

वेळापत्रक कुठे जाहीर होत नाही. तुकडी शोसाठी बाहेरगावी असते, धुकं असलं की उड्डाण नसतं. आम्हालाही कोरड्या सकाळी मिळाल्या आहेत. तेव्हा किल्ला नीट बघून घेतला. जांभ्या खडकात कोरलेला तिहेरी खंदक, रंगीन महालातलं शिंपल्यांचं जडावकाम. याच किल्ल्यातली माती वापरून बिदरीची भांडी काळी करतात, तेही कारागिरांच्या गल्लीत जाऊन बघितलं. नुसत्या विमानांच्या भरवशावर प्रवास आखू नका एवढंच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एरो इंडिया या विमानांच्या प्रदर्शनाच्या आधी बेंगळुरूच्या येलहंक्याला याच तुकडीची दोन हॉक सरावात एकमेकांना धडकली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. तेव्हापासून रचना उलटी होताना मी दुर्बीण घट्ट धरते आणि नऊ मोजते.

१० बाय ५० मी विकलेली नाही. ती रात्री गच्चीवर कृत्तिका बघायला उत्तम आहे. बिदरला जाताना बॅगेत फक्त ८ बाय ४२ असते.