सीएनजी: जुन्या गाडीला किट, कंपनीची नवी गाडी, की पेट्रोलच बरं?

किट बसवायला किती पडतात, हे सगळे आधी विचारतात. त्याआधी महिन्याचं रनिंग सांगा. पाच-सहाशे किलोमीटर असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल, पेट्रोलवरच राहा. हजाराच्या पुढे जात असाल तर मात्र तीन वाटा आहेत. आहे त्याच गाडीला बाहेरून किट बसवायचं, तेच काम कंपनीच्या डीलरकडून करून घ्यायचं, किंवा जुनी काढून कंपनी फिटेड सीएनजी घ्यायची. यात गॅरेजवाला, शोरूमवाला आणि सोसायटीतले जाणकार तिघेही आपापल्या सोयीचं सांगतात, म्हणून आकडे स्वतः मांडून बघितलेले बरे.

पैशांचा हिशेब

पेट्रोल लिटरवर मिळतं, सीएनजी किलोवर. किलोभर गॅसमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा जवळपास दीडपट ऊर्जा असते, त्यामुळे अॅव्हरेजही वाढलेलं दिसतं. वॅगनआरच्या एक लिटर इंजिनाचे कंपनीचे आकडे घ्या: पेट्रोलवर लिटरला २४.३५ किलोमीटर, सीएनजीवर किलोला ३४.०५. प्रत्यक्ष रस्त्यावर दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण एकाच गाडीचं गॅसचं अॅव्हरेज पेट्रोलच्या साधारण १.४ पट धरायला हरकत नाही.

समजा तुमची गाडी शहरात पेट्रोलवर १५ देते. गॅसवर ती २१ च्या आसपास देईल. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ८० रुपये धरलं, तर पेट्रोलवर किलोमीटरला पावणेसात-सात रुपये जातात आणि गॅसवर तीन रुपये ऐंशी पैसे. सुटले साधारण तीन रुपये. किट, आरटीओ, इन्शुरन्स मिळून ७५ हजार गेले असतील तर ते वसूल व्हायला २५ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याचे पैसे दीड वर्षाच्या आत निघतात. पाचशे चालवणाऱ्याला चार वर्षांहून जास्त लागतात, आणि तोवर टाकीची एक हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) येऊन गेलेली असते.

वरचा भाव मुंबई-ठाण्याकडचा अंदाज म्हणून धरला आहे. तुमच्या शहरात गॅस ९० रुपये असेल तर किलोमीटरमागची बचत अडीच रुपयांच्या जरा वर येते आणि वसुली २८ हजारांच्या पुढे सरकते. हा भाव स्थिर राहील असं समजू नका. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा किटवाल्यांकडे गर्दी झाली. पुढे २०२४च्या अखेरीस शहरांना मिळणारा स्वस्त देशी गॅस कमी झाला आणि भाव पुन्हा चढू लागला. नागपुरात तर २०२२मध्ये किलोला १२० रुपये मोजावे लागत होते. त्या भावाने वरचा हिशेब केला तर किलोमीटरला रुपया-सव्वा रुपया सुटतो. तेवढ्यासाठी डिकी घालवू नये.

बाहेरचं किट

जिथे-तिथे दिसणारा हा पर्याय सगळ्यांत स्वस्त आहे, आणि फसवणूकही इथेच जास्त होते. इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीला सिक्वेन्शियल किटच हवं. यात गॅससाठी वेगळे इंजेक्टर आणि वेगळा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, असतो. गाडी पेट्रोलवर सुरू होते, इंजिन जरा गरम झालं की आपोआप गॅसवर जाते. कार्ब्युरेटरच्या काळातलं मिक्सरचं किट कुणी दहा-पंधरा हजार कमी करून गळ्यात मारत असेल, तर तिथून उठा.

किट कोणत्या कंपनीचं यावर लोक तासभर बोलतात. मी बसवणाऱ्याच्या हाताला जास्त महत्त्व देतो. त्याच्या गॅरेजमध्ये उभी असलेली दुसऱ्या कुणाची तरी अर्धवट गाडी बघा. गॅसचे नोझल बसवायला इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला, भोकं पाडावी लागतात. चांगला फिटर मॅनिफोल्ड उतरवून बाहेर ड्रिल मारतो. घाईतला फिटर ते जागेवरच मारतो, आणि त्याचा कीस इंजिनात जाऊ शकतो. तसंच पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी कापून जोडल्या असतील तर जोड सोल्डर केलेला आहे की नुसता पिळून वर टेप गुंडाळली आहे, ते बघा. पुढे चेक इंजिनचा दिवा लागतो, गाडी मधूनच मिस करते, ती बरेचदा या टेपखालून. गाडीखालून मागे जाणारी स्टीलची नळी सायलेन्सरपासून लांब, क्लॅम्पने धरलेली आणि पत्र्यातून जाते तिथे रबर लावलेली हवी. त्या नळीत २०० बारच्या आसपास दाब असतो.

टाकीतल्या गॅसचा दाब उतरवणाऱ्या रिड्युसरचीही एक गोष्ट माहीत असू द्या. दाब एकदम उतरला की गॅस गार पडतो, म्हणून रिड्युसरला इंजिनाच्या गरम कूलंटची नळी जोडतात. तो जोड पाझरू लागला तर कूलंट गुपचूप कमी होत जातं आणि लोक दोष रेडिएटरला देतात. किट बसवल्यावर पहिला महिनाभर दर आठवड्याला कूलंटची पातळी बघितली तर पुढचा मोठा खर्च टळतो.

कागदांत तडजोड करू नका. किटला एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेची मंजुरी असावी लागते, आणि ती ठरावीक इंजिनांपुरती असते. तुमच्या मॉडेलला ती लागू आहे का, हे कागदावर बघा. बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) पेट्रोल गाड्यांना किट बसवायची परवानगी केंद्राने २०२२मध्ये दिली, पण वाटेल ते किट चालतं असा त्याचा अर्थ नाही. बसवून झालं की आरसीवर इंधन बदलून घ्यायचं. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी काढून ठेवा. बेकायदा बदलाला मोटार वाहन कायद्यात बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, पण खरा फटका बसतो तो इन्शुरन्सचा. पॉलिसीत किट नोंदवलेलं नसेल तर अपघातानंतर क्लेम अडतो. नोंदवायला रूढ दराने किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये एवढेच जातात. ‘आरसीचं नंतर बघू, आत्ता पाच हजार वाचतात’ असं म्हणणाऱ्या फिटरकडे किटही बसवू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर बाहेरच्या किटने इंजिनाची वॉरंटी गेलीच समजा. डिझेल गाडीला हे किट बसवायचा विचारच करू नका. टर्बो पेट्रोल, त्यातही डायरेक्ट इंजेक्शन असेल, तर या नादी लागू नका.

डीलरकडचं किट

ही वाट नवी आहे आणि मोजक्याच गाड्यांना खुली आहे. रेनॉने २०२५च्या सुरुवातीला क्विड, ट्रायबर आणि कायगरला डीलरमार्फत किट द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या किमती क्विडला ७५,००० आणि बाकी दोघींना ७९,५०० होत्या, सोबत तीन वर्षांची वॉरंटी. निसाननेही त्याच वर्षी मॅग्नाइटला जवळपास त्याच भावात किट आणलं. सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. टर्बो इंजिनांना हे मिळत नाही.

बाहेरच्या किटपेक्षा दहा-वीस हजार जास्त जातात, पण कागद, वॉरंटी आणि ‘हे आमचं काम नाही’ म्हणून सर्व्हिस सेंटरने हात वर करण्याची कटकट, तिन्ही सुटतात. यातली गाडी असेल तर मी बाहेर जाणार नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की हेही मागाहून बसवलेलं किटच आहे. कारखान्यात गॅससाठी बांधलेली गाडी वेगळी.

कंपनी फिटेड

मारुतीने २०१० पासून कारखान्यातच सीएनजी बसवलेल्या गाड्या विकायला सुरुवात केली, टाटा २०२२मध्ये उतरली. फरक बॉनेटखाली दिसत नाही. गॅस कोरडा असतो, पेट्रोलसारखा व्हॉल्व्हला ओलावा आणि गारवा देत नाही, त्यामुळे साध्या इंजिनात व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो ती कडा, झिजायची भीती असते. कंपनी त्या जागी टणक सीट वापरते, मागचं सस्पेन्शन टाकीच्या वजनासाठी बळकट करते, आणि पेट्रोल-गॅस दोन्हींचं नियंत्रण एकत्र बांधते: टाटात एकच ईसीयू, मारुतीत एकमेकांशी जोडलेले दोन. म्हणून गॅसवरून पेट्रोलवर जाताना बाहेरच्या किटमध्ये बसतो तो हलका झटका इथे सहसा जाणवत नाही. टाटाच्या गाड्या तर थेट गॅसवर सुरू होतात.

डिकीचं दुखणंही इथेच थोडं हलकं झालं आहे. साठ लिटरची टाकी रिकामीच पन्नास किलोच्या घरात जाते आणि डिकी जवळपास खाऊन टाकते. त्यात कित्येक गाड्यांत स्टेपनी टाकीखाली अडकते. मुंबई-गोवा हायवेवर रात्री पंक्चर झालं की याचा अर्थ कळतो. टाटाने २०२३मध्ये अल्ट्रोजला एका मोठ्या टाकीऐवजी तीस-तीस लिटरच्या दोन टाक्या डिकीच्या तळाशी दिल्या, मग ह्युंदाईनेही दोन टाक्यांची वाट धरली. आता कुटुंबाची बॅग बसते. बाहेरच्या किटमध्ये ही सोय मिळेल या आशेवर राहू नका.

पेट्रोलच्या त्याच मॉडेलपेक्षा सीएनजीला ९० हजार ते लाखभर जास्त मोजावे लागतात. महाराष्ट्रात त्यातले काही रोड टॅक्समध्ये परत येतात: दहा लाखांपर्यंतच्या खासगी गाडीला पेट्रोलवर ११ टक्के, तर सीएनजीवर ८ टक्के. जुलै २०२५ आधी हा दर ७ होता. शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीत ७५ हजार ओतण्याआधी एकदा शोरूममध्ये जाऊन यावं असं आता वाटतं. विकतानाही कंपनीच्या सीएनजीला गिऱ्हाईक चटकन मिळतं. बाहेरच्या किटचे पैसे विक्रीत परत येतील असं धरू नका.

चालवताना

तिन्ही वाटांना सारख्याच लागू होणाऱ्या काही गोष्टी आहेत. पिकअप कमी होतो. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये गॅस जागा घेतो, तेवढी हवा कमी येते. वॅगनआरचं एक लिटर इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (अश्वशक्ती) देतं, गॅसवर ५७. सपाट रस्त्यावर फार फरक पडत नाही. बोरघाटात चार माणसं, एसी आणि पुढे ट्रक असला की बटण दाबून पेट्रोलवर घ्यायचं, त्यात कमीपणा नाही.

पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून फक्त गॅसवर फिरणारे महाभाग आहेत. बहुतेक सिक्वेन्शियल किटमध्ये गॅसवर असतानाही पेट्रोलचा पंप चालू राहतो, आणि तो गार राहतो पेट्रोलनेच. पाव टाकी कायम असू द्या. तिचा दुसरा उपयोग मुंबईकरांनी नोव्हेंबर २०२५मध्ये बघितला. मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली, पंप बंद पडले, रिक्षा-टॅक्सीच्या रांगा लागल्या. ज्यांच्या टाकीत पेट्रोल होतं ते कामावर गेले.

रांग हा सीएनजीचा खरा खर्च आहे आणि तो कुठल्याच हिशेबात धरला जात नाही. साठ लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस मावतो, म्हणजे शहरात दर १७०-१८० किलोमीटरला पंप. सगळ्या पंपांवर सारखा गॅस भरत नाही. ज्या पंपाला थेट वाहिनी आहे तिथे दाब बरा मिळतो. जिथे ट्रकवरून सिलिंडर आणून भरतात, तिथे गाड्या लागत गेल्या की दाब उतरतो आणि सहा किलोवरच काटा थांबतो. निर्णय घ्यायच्या आधी ऑफिसच्या वाटेवरच्या पंपावर संध्याकाळी सात वाजता एकदा थांबा आणि रांगेतल्या रिक्षावाल्याला विचारा, ‘इथे प्रेशर कसं असतं?’ त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही. कोकणात किंवा गोव्यात वरचेवर जात असाल तर तिकडचे पंप नकाशावर मोजून घ्या, ते विरळ आहेत.

सुरक्षेबद्दल भीती जरा जास्तच आहे. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, उघड्यावर गळला तर वर निघून जातो, आणि पेट्रोलच्या वाफेपेक्षा बऱ्याच जास्त तापमानाला पेटतो. बंद डिकीत मात्र तो कोंडतो, म्हणून टाकीच्या व्हॉल्व्हभोवतीची पिशवी आणि तिची बाहेर जाणारी नळी जागेवर हवी. डिकी उघडताच वास आला तर बटण-लाईट काही न लावता दारं उघडा, व्हॉल्व्ह बंद करा आणि फिटरला बोलवा.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावीच लागते, पेसोने (स्फोटक आणि दाबाखालच्या वस्तूंवर देखरेख ठेवणारी केंद्राची संस्था) मान्य केलेल्या केंद्रात. तारीख उलटली की पंपावर टेस्टच्या तारखेची प्लेट बघून गॅस नाकारतात.

जुनीच पण सीएनजीवाली गाडी घेणार असाल तर ही प्लेट सगळ्यांत आधी बघा. टाकीच्या मानेवर कोरलेला नंबर आणि कागदावरचा नंबर जुळतो का, आरसीवर पेट्रोल/सीएनजी असं लिहिलंय का, आणि पॉलिसीत किट धरलंय का. मग गाडी गार असताना सुरू करून पेट्रोलवर दहा मिनिटं चालवा. वर्षानुवर्षं गॅसवरच पळालेल्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर तुंबलेले असतात, आणि विकणारा गाडी गरम करूनच दाखवायला आणतो.