फॉलोअर आले, पेज गेलं

सोशल मीडियावर धंदा वाढवून देतो म्हणणाऱ्या काही एजन्सींच्या फसवणुकीची सुरुवात गोड मेसेजने होते. "पेज मस्त आहे, फक्त रीच कमी पडतोय. महिन्यात 10,000 फॉलोअर देतो." पैसे दिले की आकडा खरोखर चढतो, आणि धंदेवाल्याचा विश्वास बसतो.

आता ती फॉलोअरची यादी उघडा. फोटो नाही, नावाला पाच-सहा आकड्यांचं शेपूट, स्वतःची एकही पोस्ट नाही; मात्र फॉलो केलेली खाती 7,500 च्या आसपास. इन्स्टाग्रामची मर्यादाच तेवढी आहे, म्हणजे हे खातं दिसेल त्याला फॉलो करत तिथवर पोचलंय. असे फॉलोअर पोस्टकडे ढुंकूनही बघत नाहीत. प्रतिसादाचं प्रमाण घसरतं, तशी पोस्ट खऱ्या गिऱ्हाइकापर्यंतही कमी पोचते. 'आपल्या फॉलोअरसारख्या लोकांना जाहिरात दाखवा' असा पर्याय निवडलात, तर तीही भलत्यांच्या पुढ्यात जाते. शिवाय अशी खाती टिकत नाहीत. बाहेरच्या अ‍ॅपमधून मिळवलेले खोटे लाइक आणि फॉलो काढायला इन्स्टाग्रामने नोव्हेंबर 2018 मध्येच सुरुवात केली.

महिनाअखेरीचा रिपोर्ट येतो तो स्क्रीनशॉटच्या रूपात. त्यात मोठ्या अक्षरात असतात इम्प्रेशन्स, म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा; रीच म्हणजे ती किती माणसांपर्यंत पोचली तो. एकाच माणसाने जाहिरात पाचदा पाहिली तर इम्प्रेशन्स पाच, रीच मात्र एक. शिवाय स्क्रीनशॉटमधले आकडे बदलणं दोन मिनिटांचं काम. त्यामुळे अ‍ॅड्स मॅनेजर (फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींचा हिशेब दिसतो ते पान) समोर उघडायला लावा आणि तारखा आपण निवडा.

इथवरचा तोटा पैशांचा. खरा घाव पुढे बसतो.

"जाहिराती लावायला अ‍ॅक्सेस लागेल," म्हणत एजन्सी एक रिक्वेस्ट पाठवते आणि घाईत ती मंजूर होते. फेसबुकचं पेज एका वेळी एकाच बिझनेस पोर्टफोलिओच्या (धंद्याची पेजं आणि जाहिरात खाती एकत्र सांभाळणाऱ्या खात्याच्या) मालकीचं असू शकतं. रिक्वेस्ट नुसत्या अ‍ॅक्सेसची आहे की पेज त्यांच्या पोर्टफोलिओत जोडण्याची, हे न वाचता बटण दाबलं की मालकी तिकडे जाते. पुढे पैशांवरून वाजलं की तुम्हालाच काढून टाकता येतं. जाहिरात खात्याचं तर आणखी कठीण: एकदा पोर्टफोलिओत जोडलेलं खातं बाहेर काढता येत नाही. म्हणजे जाहिरातींचा सगळा जुना हिशेबही त्यांच्याकडेच.

लिंक्डइनवर हाच प्रकार वेगळ्या वेषात येतो. 'रोज आपोआप कनेक्शन पाठवतो' म्हणत ब्राउझरचं एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकायला लावतात. ते तुमच्या चालू लॉगिनवरच चालतं, त्यामुळे पासवर्ड न देताही खातं त्यांच्या हाती जाऊ शकतं. असं ऑटोमेशन लिंक्डइनच्या नियमांत बसत नाही. खात्यावर निर्बंध आले तर भोगायचं तुम्ही.

एजन्सी नेमायचीच असेल, तर पोर्टफोलिओ स्वतःच्या नावाने आधी काढा. त्यात पेज, जाहिरात खातं आणि कार्ड जोडा, जाहिरात खात्याला खर्चाची मर्यादा घाला. मग एजन्सीचा बिझनेस आयडी (तिच्या पोर्टफोलिओचा क्रमांक) मागून तिला पार्टनर म्हणून जोडा. पोस्ट, जाहिराती, आकडेवारी एवढीच कामं द्या, 'पूर्ण नियंत्रण' नको. चांगल्या एजन्सीला याचं वावडं नसतं. "आमच्या सिस्टीममध्ये असं होत नाही" म्हणणाऱ्याशी तिथेच थांबा.

रिक्वेस्ट आधीच मंजूर झाली असेल, तर आज पेजच्या सेटिंगमध्ये जाऊन पूर्ण नियंत्रण कोणाकोणाकडे आहे ते बघा. यादीत तुमचं नाव अजून असेल, तर एजन्सीला काही कळवण्याआधी त्यांचा अ‍ॅक्सेस काढा, पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा, दोन टप्प्यांची पडताळणी लावा. त्यांच्या जाहिरात खात्याला तुमचं कार्ड लावलं असेल, तर ते बँकेकडून बंद करून घ्या.