छोट्या टॉयलेटसाठी मापानं बनवलेलं बेसिन कपाट: पैसे कुठे वसूल, कुठे वाया

फक्त कमोड आणि बेसिन असलेलं टॉयलेट, म्हणजे हाफ बाथ, बऱ्याचदा जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद आणि दीड मीटर लांब असतं. बाजारात मिळणाऱ्या तयार बेसिन कपाटांची डेप्थ साधारण ४५ ते ५५ सेंटिमीटर. ९० मधून ५० गेले की जायला-यायला ४० उरतात, म्हणजे आडवं होऊनच आत शिरायचं. तेच कपाट २८ सेंटिमीटर डेप्थचं करून घेतलं तर ६२ सेंटिमीटर मोकळे राहतात. मापानं बनवून घेण्याचा खरा फायदा हा एवढाच, आणि तो मोठा आहे. रुंदी काय, तयार मालातही हवी तशी मिळते. म्हणून कारागीर रंग आणि हँडलचा कॅटलॉग आधी पुढे करत असेल तर त्याला थांबवा आणि डेप्थवर आणा.

कपाट सरळसोट चौकोनी असण्याचीही गरज नाही. बेसिनखाली ३५ आणि दाराकडे निमुळतं होत १८ सेंटिमीटर, असा आकार तयार मालात शोधून सापडत नाही. सुतार मात्र तो सहज काढून देतो. दुसरा मार्ग म्हणजे निम्मं बाहेर येणारं बेसिन: कपाट २५ चं, बेसिन ४० चं, पुढचा भाग अधांतरी. गुडघ्याशी जागा सुटते. फक्त कमोडच्या मध्यरेषेपासून कपाटाच्या कडेपर्यंत किमान ३८ सेंटिमीटर आणि कमोडसमोर किमान ५३ सेंटिमीटर मोकळे राहतात ना, ते जमिनीवर चिकटपट्टी लावून, बसून बघा. कागदावर सगळंच मावतं.

ड्रॉवर हवा असेल तर आधी चॅनेल, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, निवडा, मग डेप्थ ठरवा. बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच फसतात. चॅनेल २५०, ३००, ३५० मिलिमीटर अशा टप्प्यांत येतात आणि आतली डेप्थ त्याहून थोडी जास्तच लागते. बाहेरून २८० मिलिमीटरच्या कपाटातून समोरची १८ मिलिमीटरची फळी आणि मागची ६ ते ९ ची फळी वजा केली की आत जेमतेम २५५ उरतात. २५० चा चॅनेल कसाबसा बसतो किंवा अजिबात बसत नाही, आणि त्याच्या खालचं माप घेतलं तर ड्रॉवर खेळण्यातला वाटतो. एवढ्या उथळ कपाटाला सरळ दोन दारं आणि एक फळी बरी.

तरीही ड्रॉवर हवाच असेल तर ट्रॅपभोवती, म्हणजे बेसिनखालच्या, पाणी धरून गटाराचा वास अडवणाऱ्या भागाभोवती, इंग्रजी यू आकाराचा काप द्यावा लागतो. बॉटल ट्रॅप कपाटाच्या मधोमध लटकतो आणि निम्मा ड्रॉवर खातो. भिंतीला चिकटून जाणारा, जागा वाचवणारा ट्रॅप मिळतो, तो घ्या. ट्रॅपमध्ये किमान ५० मिलिमीटर पाणी उभं राहतं याची खात्री करा, नाहीतर वास येणार. अँगल कॉक, म्हणजे बेसिनचं पाणी बंद करायच्या छोट्या तोट्या, दार उघडल्याबरोबर हाताला लागले पाहिजेत. ड्रॉवर उपसून, पाठीची फळी खोलून कॉक बंद करायचा असेल तर ते डिझाइन नापास. पाइपांसाठी अख्खी पाठ कापून टाकायची सवयही वाईट: कपाट डगमगतं. वर आणि खाली आडवी पट्टी ठेवून मधला भाग मोकळा सोडला की दोन्ही साधतं.

आता माल. हाफ बाथमध्ये शॉवर नाही, म्हणजे रोजची वाफ नाही. त्यामुळे ‘बाथरूमसाठी खास’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक महागडा फिनिश इथे लागतोच असं नाही. इथलं नुकसान थेट पाण्यानं होतं: ट्रॅपच्या नटातून थेंबथेंब गळती, ओल्या हातांनी उघडलेलं दार, फरशी धुताना उडालेलं पाणी, आणि कमोडशेजारी जेट स्प्रे असेल तर त्याचे शिंतोडे. साधा पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ कडेनं पाणी पितात, फुगतात आणि पुन्हा मूळ जाडीला येत नाहीत. सांगाड्याला १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे मरीन दर्जाचा प्लाय घ्या. पीव्हीसी बोर्ड फुगत नाही हे खरं, पण स्क्रू नीट धरत नाही. वर्षभर दार ओढल्यावर बिजागरी स्क्रूसकट हातात येऊ शकते. नखानं दाबल्यावर खळगा पडणारा बोर्ड तर नकोच.

पण नुसत्या चांगल्या प्लायवर भरवसा ठेवू नका. कपाट खराब व्हायला सुरुवात होते ती कापलेल्या कडांपासून: पाइपांची भोकं, बेसिनचा काप, तळाच्या फळीची खालची कड. समोर दिसणाऱ्या कडेला सुबक एज बँड, म्हणजे कड झाकणारी पट्टी, असते आणि या जागा कोऱ्याच राहतात. इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) लेपाचे दोन हात इथे द्यायलाच हवेत. कपाट भिंतीवर चढवण्यापूर्वी उलटं करून दाखवा म्हणून सांगा. तळाला कोरं लाकूड दिसलं तर तिथल्या तिथे काम थांबवा. एकदा बसवल्यावर तिकडे कुणी वाकून बघत नाही. बिजागऱ्या ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलच्या. दगडी ओट्याच्या पुढच्या कडेखाली, कडेपासून एक-दीड सेंटिमीटर आत, एक बारीक खाच मारून घ्या. ओघळलेलं पाणी तिथेच तुटून खाली पडतं, दारावर उतरत नाही. दगडवाल्याचं काही मिनिटांचं काम आहे, पण न सांगता कुणी करत नाही.

भिंतीवर टांगलेलं कपाट छोट्या जागेत केव्हाही चांगलं. खाली २० ते २५ सेंटिमीटर मोकळे असले की पोछा आरपार फिरतो. वजनाचा हिशेब मात्र करा. २० मिलिमीटर ग्रॅनाइट चौरस मीटरला सुमारे ५४ किलो, म्हणजे ६० बाय ३५ चा तुकडा ११ किलोच्या आसपास. त्यावर सिरॅमिक बेसिन, आतलं सामान आणि कुणीतरी टेकून उभं राहणार तो भार. भरीव विटेच्या भिंतीत १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट पुरतात. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकला भोकात रसायन भरून घट्ट बसवायचा केमिकल अँकर लागतो, आणि जिप्सम बोर्डाची भिंत असेल तर बोर्ड लावण्याआधीच आत लाकडी आधार द्यावा लागतो.

शेवटचं माप टाइल्स लागल्यावरच घ्यायचं. टाइल आणि खालचा माल मिळून प्रत्येक भिंत १० ते २० मिलिमीटर आत येते. दोन भिंतींमध्ये बसणारं कपाट आधीच्या मापानं केलं तर ते आत जाणारच नाही. रुंदी तीन उंचींवर मोजा आणि सगळ्यात कमी ती धरा. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का हे बघायला एका भिंतीवर ६०, दुसरीवर ८० सेंटिमीटरवर खूण करा. तिरकं अंतर बरोबर १०० यायला हवं. येत नसेल, आणि सहसा येत नाही, तर कडेला १५ मिलिमीटरची पट्टी जास्तीची ठेवून ती जागेवर घासून बसवायची. फट सिलिकॉननं बुजवणं हा त्याला पर्याय नाही.

बेसिन आणि नळ मात्र तयारच घ्या, आणि सुतार फळी कापण्याआधी ते हातात असू द्या. टेबलटॉप बेसिन १२ ते १५ सेंटिमीटर उंच असतं. ते धरून वरची कड ८० ते ८५ वर आणायची तर ओटा ७० च्या आसपास येतो. ही वजाबाकी राहिली की हात धुताना पाणी कोपरापर्यंत ओघळतं. आरसाही तयार चालतो. फ्लश टँकवरचं कपाट हवं असेल तर टँकचं झाकण उचलून आत हात जाईल एवढी जागा खाली सोडा.

सिलिकॉन बुरशीरोधक आणि न्यूट्रल प्रकारचं हवं. आंबट वास येणाऱ्या सिलिकॉननं संगमरवराला डाग पडतात. सिलिकॉन लावल्यावर २४ तास पाणी लावू नका. त्यानंतर बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू फिरवा. टिश्यू ओला झाला तर प्लंबर तिथे असतानाच नट उघडून वॉशर बदलून घ्या. नुसता आणखी आवळला तर प्लॅस्टिकचा नट चिरतो.